मूग, कापूस आणि एक जीवाणू : डेबोरा डेल्मर यांचं संशोधन

काचेच्या भांड्यातल्या गोड द्रावणावर पांढरी, जाड साय धरलेली दिसतेय. ही साय म्हणजे शुद्ध सेल्युलोज, झाडांच्या पेशीभिंतींना बळकटी देणारा पदार्थ. ते बनवणारा जीवाणू आहे ॲसिटोबॅक्टर झायलिनम. एका कडेला ओळीनं असलेल्या छिद्रांतून तो सेल्युलोजची बारीक फीत बाहेर सोडतो, मिनिटाला सुमारे २ मायक्रोमीटर. माल्कम ब्राउन आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये ही प्रक्रिया सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि मोजलीसुद्धा.

झाडंही सेल्युलोज बनवतात, आणि अफाट प्रमाणात. पण झाडाच्या पेशी फोडून, त्यांची पटलं (पेशींचे पातळ पडदे) परीक्षानळीत घेऊन त्यात यूडीपी-ग्लुकोज, म्हणजे जोडणीसाठी सज्ज ग्लुकोज, पुरवलं, की हाती यायचं भलतंच काही. त्याचं नाव कॅलोज. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ डेबोरा डेल्मर यांची अनेक वर्षं याच कोड्याशी झगडण्यात गेली.

सेल्युलोज काय आणि कॅलोज काय, दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या. सेल्युलोजमध्ये एका ग्लुकोजचा पहिला कार्बन पुढच्याच्या चौथ्या कार्बनला जोडलेला असतो, कॅलोजमध्ये तिसऱ्याला. फरक एवढाच, पण त्यामुळे सेल्युलोजची साखळी सरळ राहते, शेजारच्या साखळ्यांना घट्ट चिकटते आणि कणखर तंतू तयार होतो. कॅलोजला पीळ पडतो. जखम झाली की झाड तिथे कॅलोजचा थर चढवतं. मग पेशी फोडणं ही जखम नाही तर काय? बाहेरचं कॅल्शियम आत शिरतं आणि कॅलोज बनवणारं विकर (एन्झाइम) जागं होतं. डेल्मर यांच्या गटानं मुगाच्या आणि कापसाच्या पटलांवर कॅल्शियमचा हा परिणाम बारकाईनं तपासला. म्हणजे सेल्युलोज बनताना पाहण्यासाठी पेशी उघडावी, तर उघडण्यामुळेच ते बनणं थांबावं. या विषयातली अडचण मला याहून नेमकी सांगता येणार नाही.

म्हणून डेल्मर जीवाणूकडे वळल्या. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात मोशे बेन्झिमन ॲसिटोबॅक्टरवर काम करत होते. अलोनी, डेल्मर आणि बेन्झिमन यांनी १९८२ मध्ये दाखवलं की जीटीपी (पेशीतला एक छोटा रेणू) आणि एक प्रथिनघटक मिळाला, तर जीवाणूचं विकर परीक्षानळीतही झपाट्यानं सेल्युलोज बनवतं. तो घटक जीटीपीपासून आणखी एक रेणू घडवत होता. बेन्झिमन यांच्या गटानं १९८७ मध्ये त्याची ओळख पटवली : सायक्लिक डाय-जीएमपी. जीवाणूंनी एकत्र थर करून राहायचं की सुटं फिरायचं, हे ठरवण्यात त्याचा मोठा वाटा असतो, हे पुढे कितीतरी जीवाणूंत दिसून आलं. सेल्युलोजच्या मागे लागलेल्यांना हे वाटेत सापडलं!

१९९० मध्ये जीवाणूचं सेल्युलोज-जनुक हाती आलं. त्याच्या आधारे झाडातलं जनुक शोधायचे प्रयत्न मात्र फसले, कारण दोघांमधलं साम्य फार तुटपुंजं होतं.

इथे कामी आला कापूस. डेल्मर यांनी तो खूप आधीच निवडला होता. कापसाचा प्रत्येक तंतू ही सरकीच्या सालीवरची एकच पेशी. आधी ती लांब वाढते आणि मग तिची भिंत जाड होऊ लागते, तेव्हा जवळजवळ फक्त सेल्युलोज बनवते. पक्व तंतूत ९० टक्क्यांहून अधिक सेल्युलोज असतं. सेल्युलोजचं जनुक शोधायचं, तर ते जोरात काम करत असेल ती पेशी हीच.

कॅल्जीन कंपनीतल्या डेव्हिड स्टॉकर यांच्या गटाबरोबर तंतूंमधली जनुकं वाचली गेली. त्यांतल्या दोन जनुकांत जीवाणूच्या जनुकाशी जुळणारे मोजके तुकडे निघाले. पूर्ण अनुक्रम वेगळा, पण प्रथिनात नेमक्या मोक्याच्या जागी तीच अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाचे मणी. या प्रथिनाचा एक भाग त्यांनी ई. कोलाय जीवाणूत तयार करून पाहिला. सेल्युलोजचा कच्चा माल असलेल्या यूडीपी-ग्लुकोजला तो धरून ठेवत होता. हा शोधनिबंध १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. दोनच वर्षांनी अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपात असंच जनुक बिघडलं की सेल्युलोज कमी बनतं, असं सिद्ध झालं. शंकेला जागा उरली नाही.

२००४ मध्ये डेल्मर अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडून आल्या.

योखेन झिमर यांच्या गटानं २०१३ मध्ये दुसऱ्या एका जीवाणूच्या सेल्युलोज बनवणाऱ्या विकराची त्रिमितीय रचना उलगडली. साखळी विकराच्या आत घडते आणि पटलातल्या बोगद्यातून एकेक ग्लुकोजनं पुढे सरकते. याच गटानं २०२० मध्ये पॉप्लर झाडाचं विकरही दाखवलं : तीन प्रथिनं एकत्र, प्रत्येकाचा बोगदा स्वतंत्र. आणि १९९६ मध्ये अनुक्रमात जुळलेली ती अमिनो आम्लं या रचनेत दिसतात ती अगदी बोगद्याच्या तोंडाशी, ग्लुकोज जोडलं जातं तिथेच.