डोकं वर काढायला फुरसत नाही

(दृश्य : पहाट. बांद्याचा बसथांबा, हातात डबे घेतलेली माणसं.)

पत्रादेवीचा नाका ओलांडून बस गोव्यात शिरते. कुणी वेर्ण्याला औषध कारखान्यात निघालंय, कुणी पणजीत पाटोवरच्या कार्यालयात. निम्म्यांच्या माना झोपेनं कलंडलेल्या, उरलेल्यांच्या मोबाईलवर वाकलेल्या. हजेरी लागायचीय अजून. मानेची ड्युटी मात्र सुरू झाली.

आपलं डोकं साधारण पाच किलोचं. मान सरळ असते तोवर सात मणके ते तोलून धरतात. मान पुढं झुकली की तोल सुटतो, आणि डोकं सावरायला मागच्या स्नायूंना सतत ताणून राहावं लागतं. भरलेली कळशी उचलणं जमतं. तीच हात लांब करून धरून बघा!

(दृश्य : काजू कारखाना. सोलणी, निवडणी.)

इथं संगणक नाही, तरी तासन्‌तास नजर खाली. सोलायचं, साल बाजूला, गर टोपलीत. हात चालतात, मान जागची हलत नाही. म्हणून सगळं खापर खुर्चीवर फोडू नये. ‘ताठ बसा’ हे आपण शाळेपासून ऐकलं, पण ताठ बसल्यानं मानदुखी टळते याला भक्कम पुरावा नाही. एकाच स्थितीत अडकून राहणं जास्त नडतं.

आणि मन? त्याचा वाटा लहान नाही. कामाचा रेटा, वरिष्ठांचा आधार नसणं, आपलं काम कधी थांबवायचं हे आपल्या हाती नसणं, अपुरी झोप, धूम्रपान. पूर्वी एकदा मान धरली असेल तर पुन्हा दुखण्याची शक्यता जास्त. बायकांमध्ये प्रमाण अधिक. कामाची पाळी संपल्यावर घरी विळीपुढं पुन्हा मान खालीच, हे कुठल्या हजेरीपटावर येत नाही.

2020 साली जगात सुमारे 20 कोटी लोकांना मानदुखी होती. बहुतेकांची गंभीर नसते. हाताला मुंग्या येऊ लागल्या, पकड सैल झाली, चालताना तोल जाऊ लागला, तर मात्र बामावर भागवू नका, डॉक्टरांना दाखवा.

(दृश्य : निवडणीचं मेज, वरून.)

अधूनमधून उठावं, मान फिरवावी, दोन पावलं चालावं. सांगायला सोपं. पण जिथं मजुरी किलोवर ठरते, तिथं उठून गेलेली ती दोन मिनिटं कुणाच्या खात्यात धरायची?