लाल भुकटीचा हिशेब

[जळगाव एमआयडीसी. डाळ मिलची मोटर उघडलेली, शाफ्टवर बेअरिंग ओढून काढायचा पुलर.]

पुलरचे जबडे बेअरिंगमागे अडकवले, मधला स्क्रू जेमतेम आवळला, तोच 6310 नंबरचं बेअरिंग सुटून आलं. 50 मिलिमीटरच्या शाफ्टवरून ते इतक्या सहज निघता कामा नये.

[शाफ्ट, अगदी जवळून.]

इनर रेसखाली, म्हणजे बेअरिंगच्या आतल्या कड्याखाली, गेरूसारखी लाल-तपकिरी भुकटी. ओल लागली, गंज चढला, असं म्हणून पॉलिश पेपर मारला जातो. पण हा ओलीचा गंज नाही. पट्ट्याच्या ताणाने फिरता शाफ्ट किंचित वाकत राहतो आणि दर फेऱ्याला रेस त्याच्यावर काही मायक्रॉन पुढेमागे सरकते. 1440 आरपीएमची मोटर आठ तासांच्या पाळीत जवळपास सात लाख फेरे घेते. निघालेले पोलादाचे कण बाहेर पडत नाहीत. तिथेच रगडून त्यांचा ऑक्साइड होतो. हेच फ्रेटिंग. जागा सैल झाली की शाफ्टवर पंचाने खड्डे मारून नवं बेअरिंग ठोकायचं, हा सर्रास चालणारा उपाय. त्यात रेस फक्त पंचाने उठलेल्या टोकांवर टेकते. तीही लवकरच झिजतात.

[संगणकाचा पडदा. जाळी.]

ही झीज आधीच मोजता येते, आणि तीही आपल्याकडच्या कॉलेजातल्या साध्या संगणकावर. कॅल्क्युलिक्स, कोड-अ‍ॅस्टर हे सॉल्व्हर, म्हणजे वस्तूचे बारीक घरांच्या जाळीत तुकडे पाडून दाब काढणारे प्रोग्राम, फुकट मिळतात. पाया आर्चर्डच्या 1953 सालच्या नियमाचा: झिजेची खोली म्हणजे झीज-गुणांक गुणिले दाब गुणिले सरक. मेख अशी, की झीज झाली की दाब आणि सरक दोन्ही बदलतात.

म्हणून सुरुवात साध्या जोडीने. सपाट पोलादावर 6 मिलिमीटर त्रिज्येचा पोलादी रोलर, दर मिलिमीटर लांबीला 200 न्यूटन भार. दोन वस्तू टेकल्यावरचा दाब सांगणाऱ्या हर्ट्झच्या सूत्राने संपर्काची रुंदी 0.23 मिलिमीटर, मध्यावरचा दाब सुमारे 1100 मेगापास्कल. मॉडेलमधून हे आकडे आले नाहीत, तर पुढे जाऊच नये. संपर्कात जाळीचं घर 10 मायक्रॉनचं. बाहेर मोठं करत न्यायचं, नाहीतर संगणक बसलाच.

आता रोलर 25 मायक्रॉन इकडे, 25 तिकडे. एका आवर्तनात 0.1 मिलिमीटर घासणं. गुणांक एका मेगापास्कलला 10⁻⁸ धरला, तर मध्यावर सुरुवातीला साधारण एक नॅनोमीटर झीज. लाखो आवर्तनं एकेक करून सोडवणं परवडत नाही. एक सोडवायचं, झीज शंभरपट करायची, जाळीचे नोड, म्हणजे घरांचे कोपरे, तेवढे आत सरकवायचे, पुन्हा सोडवायचं. घाईने हजारची उडी मारली, तर एका दमात मायक्रॉनभर कापलं जातं आणि पृष्ठभाग करवतीच्या दात्यांसारखा निघू शकतो.

[दाबाचा आलेख, रंगीत.]

हा बघा, दाबाचा उंचवटा बसत चालला आहे. खड्डा रुंदावतो, भार पसरतो, मधला दाब उतरतो. कडांशी मात्र दोन सुळके उभे राहतात.

गुणांक पुस्तकातून उचलू नये. त्याच पोलादाची चाचणी घ्यावी आणि खड्डा प्रोफाइलोमीटरने, म्हणजे पृष्ठभागाचे चढउतार टिपणाऱ्या यंत्राने, मोजावा. वजनातली घट फसवते, कारण ऑक्साइड चिकटून राहतो. भुकटीचा थर स्वतःही भार पेलतो, ते या सूत्रात येत नाही. सरक अगदी थोडी असेल, तर मधला भाग चिकटलेलाच राहतो आणि कडेला तडा जन्मतो. तडा वाढला की शाफ्ट तुटतो, मिल बंद.

[मायक्रोमीटर.]

के5 बसवणीला, म्हणजे बेअरिंग घट्ट बसण्यासाठी ठरलेल्या मापाला, हा शाफ्ट 50.002 ते 50.013 मिलिमीटर हवा. इथे भरला 49.97. यावर पंच चालणार नाही. वेल्डिंगने भरून, खराद करून, ग्राइंडिंगने मापात आणावा लागेल.