कापसाच्या वाटेने मुंबई : पहिला दिवस

(दृश्य : सीएसएमटी, लांब पल्ल्याच्या गाड्यांचे फलाट. पहाट. बॅगा, पिशव्या, पेंगुळलेली मुलं.)

अमरावतीहून रात्री निघालेली गाडी पहाटे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला लागते. कुणाचं मंत्रालयात काम असतं, कुणाला परळला टाटात दाखवायचं असतं. आणि काही जण नुसती मुंबई बघायला आलेले असतात. सुट्टी मोजकी, यादी लांबलचक. मग पहिल्याच दिवशी ‘मुंबई दर्शन’ची बस धरली जाते आणि संध्याकाळपर्यंत बघून होतो तो मुख्यतः ट्रॅफिक.

आमचं ऐकाल तर बॅगा क्लोकरूममध्ये टाका, समोर गरम वडापाव खा आणि आजचा दिवस पायी फिरा. स्टेशनपासून गेटवेपर्यंत सरळ गेलात तर जेमतेम अडीच किलोमीटर. आपण वाकडे जाणार आहोत. वऱ्हाडातून आलेल्या माणसानं तर ही वाट चुकवूच नये, कारण इथल्या दगडांत आपल्या कापसाचा पैसा आहे.

(दृश्य : लोकलच्या तिकीटघराचं छत. कॅमेरा हळूहळू वर.)

सुरुवात स्टेशनातूनच. लोकलच्या तिकीटघरात जा आणि मान वर करा. कमानींच्या वर निळं छत, त्यावर सोनेरी चांदण्या. खाली रांगेत उभ्या असलेल्यांपैकी एकही जण वर बघत नाही, त्यांना ८.१२ गाठायची असते. बाहेर या. फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ आपला. भिंतींवर मोर, माकडं, पानंफुलं. हे कोरीवकाम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांच्या हातचं. घुमटावर हातात मशाल घेतलेली बाई दिसते, ती ‘प्रगती’. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स या वास्तुविशारदानं १८७८ मध्ये काम सुरू केलं आणि पुरं व्हायला दहा वर्षं लागली. २००४ पासून ही इमारत जागतिक वारसा आहे.

रेल्वेला एवढा थाट परवडला कसा? १६ एप्रिल १८५३ रोजी इथून, बोरीबंदरहून, पहिली गाडी ठाण्याला गेली. १८६७ मध्ये रूळ नागपूरला पोचले. पाठोपाठ जलंबहून खामगावला आणि बडनेऱ्याहून अमरावतीला फाटे फुटले, ते कापसाच्या गाठींसाठी. त्याआधी हाच कापूस बैलांच्या पाठीवरून घाट उतरायचा. थोडक्यात, तुम्ही रात्री ज्या वाटेनं आलात, तिच्यावर पहिला मान गाठींचा होता; माणसं मागाहून.

स्टेशनच्या मागे सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात जुन्या किल्ल्याचा एक तुकडा उरलाय. बाकी तट, खंदक, वेशी १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरनं पाडून टाकल्या. शहर तटाच्या आत मावेनासं झालं होतं.

तिथून हॉर्निमन सर्कल. आज इथं झाडं, बाकं आणि डबा खाणारे बँकवाले. १८४४ पर्यंत याच मोकळ्या मैदानात कापसाच्या गाठींचे ढीग लागत. मग तो बाजार कुलाब्याला हलवला. समोरचा टाउन हॉल १८३३ चा, आतमध्ये एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय. पायऱ्यांवर पाच मिनिटं टेका. पुढचं चालणं उन्हातलं आहे.

(दृश्य : हुतात्मा चौक. शेतकरी आणि कामगार, मशाल धरलेले.)

फ्लोरा फाउंटन १८६४ चं. जुन्या किल्ल्याची चर्चगेट ही वेस इथंच होती. पण आपली नजर कारंज्याशेजारच्या स्मारकावर थांबते. २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्रासाठी आलेल्या लोकांवर इथं गोळीबार झाला. अनेक पर्यटक कारंज्यासमोर सेल्फी काढतात आणि पुढे जातात. तुम्ही दोन मिनिटं थांबा.

आता ओव्हल मैदानाच्या कडेनं राजाबाई टॉवर. ही गोष्ट खरी कापसाची.

१८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, गिरण्या अडल्या आणि इथल्या कापसाचे भाव भडकले. मुंबईत पैशाचा नुसता पूर आला. समुद्रात भराव घालणाऱ्या कंपन्या निघाल्या आणि त्यांचे शेअर घ्यायला झुंबड उडाली. या सगळ्याच्या मधोमध होते प्रेमचंद रायचंद. कापसात आणि शेअरमध्ये अफाट कमावलेला हा माणूस. टॉवरसाठी त्यांनी २ लाख रुपये दिले. अट एवढीच की नाव आईचं, राजाबाईचं हवं. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले आणि कंपन्या धडाधड बुडाल्या. प्रेमचंदही बुडाले. टॉवर मात्र १८७८ ला उभा राहिला, आणि आजही ओव्हलवर क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना वेळ सांगतोय. सोबत दुर्बीण असेल तर वरच्या भागात कोरलेल्या मूर्ती बघा. देवदेवता नाहीत, पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींची माणसं आहेत, ज्याच्या-त्याच्या पोशाखात.

भाव पडला की घर बसतं, हे वऱ्हाडाला कुणी नव्यानं सांगायला नको.

एव्हाना पाय बोलायला लागलेले असतील. इराण्याकडे ब्रून मस्का आणि चहा घ्या. काळा घोड्याजवळचं वस्तुसंग्रहालय आज बाहेरूनच बघा. त्याला अर्धा दिवस वेगळा ठेवायचा. घाईनं बघण्यासारखं ते नाहीच.

(दृश्य : गेटवे, संध्याकाळ. फुगेवाले, फोटोवाले, कबुतरं.)

गेटवेची कमान पंचम जॉर्जच्या १९११ च्या भेटीसाठी, पण बांधून झाली १९२४ ला! पुढे २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीखालून परत गेली. समोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा, बाजूला १९०३ पासूनचं ताज.

घारापुरीच्या लाँच इथूनच सुटतात. तो कार्यक्रम उद्या सकाळी. लेणी सोमवारी बंद असतात, तेव्हा आधी वार बघा. आणि आता टॅक्सी करून स्टेशनवर परत चला, बॅगा अजून क्लोकरूममध्येच आहेत.