चार का, दोन का नाही?

मंडळी, शुगर असलेल्या माणसाने चालावं, वजन उतरवावं, हे माहीत नसलेला एकही जण या सभागृहात नसेल. तरी माझ्या खोलीत रोज ऐकू येतं, "उद्यापासून करतो, डॉक्टर."

वडगावच्या एक अक्का. घरात यंत्रमाग, दिवसभर त्या खडखडाटात बसून कांड्या भरायच्या. वजन ८२ किलो. वर्षभर मी त्यांना रागवत होतो. त्या मान खाली घालून ऐकायच्या. चालायला काही लागल्या नाहीत, दवाखान्यात यायच्या मात्र थांबल्या. ती चूक माझी होती.

पुन्हा आल्या तेव्हा विचारलं, "अक्का, शून्य ते दहामध्ये चालणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं?" म्हणाल्या, "चार." पूर्वी मी म्हटलं असतं, चारच? या वेळी विचारलं, "चार का, दोन का नाही?" पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "नातीला घेऊन येळ्ळूरच्या गडावर जायचं हाय खरं, दम लागतोय."

याला प्रेरक मुलाखत म्हणतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये दारूच्या व्यसनावर काम करताना ती मांडली. दुसऱ्याने दिलेल्या कारणाशी माणूस वाद घालतो. स्वतःच्या तोंडून निघालेलं कारण त्याला टाळता येत नाही.

पुढचं काम वेळ ठरवण्याचं. "रोज चालेन" हा बेत टिकत नाही. अक्कांनी ठरवलं, संध्याकाळी माग थांबले की गल्लीच्या टोकापर्यंत दोन फेऱ्या. बूट कांडीयंत्राशेजारीच ठेवले. (पायाला मुंग्या येत असतील तर आधी पाय दाखवून घ्या, आणि अनवाणी चालू नका.)

मग लग्न आलं. वाटीभर गोड कुंदा खाल्ला आणि डोक्यात आलं, "मोडलंच की आता सगळं." चार दिवस बूट तसेच पडून. कुंद्यापेक्षा त्या विचाराने जास्त नुकसान केलं. म्हणून वहीत तीन गोष्टी लिहायला सांगितल्या: काय झालं, मनात काय आलं, मग काय केलं. पान वाचून त्या स्वतःच म्हणाल्या, "एक वाटीच खाल्ली होती की!" विचार असा तपासून बघणं, हा बोधात्मक वर्तन उपचाराचा गाभा.

अमेरिकेतला मधुमेह प्रतिबंधाचा मोठा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना वजन ७ टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम करायचा, असं उद्दिष्ट दिलं होतं. मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीने ३१. हा ५८चा आकडा सगळे सांगतात. पण त्यातल्या प्रत्येकाला सुरुवातीच्या सहा महिन्यांत एका मार्गदर्शकाबरोबर १६ बैठका मिळाल्या होत्या, हे कुणी सांगत नाही. आपण पेशंटला पाच मिनिटं देतो आणि त्याच्यात जिद्द नाही म्हणतो.

अक्कांचं वजन आता ७८ आहे, गोळ्या चालूच आहेत. गड अजून पूर्ण झालेला नाही. परवा अर्ध्या वाटेपर्यंत गेल्या होत्या. नात पुढे पळाली, आणि या तिला हाका मारत दगडावर बसल्या.