कुदळ मारण्याआधी

(दृश्य: सकाळ, आजव्याचा बांध)

बडोद्याहून वीसेक किलोमीटरवर आजवा, शहराला पाणी पुरवणारा तलाव. लोक येतात ते बागेसाठी, कारंज्यांसाठी. आपण मात्र बांधावर चढूया. मातीचा हा बांध जवळजवळ पाच किलोमीटर लांब आहे. काम सुरू झालं १८८५ साली आणि संपलं १८९२ साली. काम सुरू झालं तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना बावीस वर्षंही पूर्ण नव्हती, कारभार हाती येऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. आखणी केली अभियंते जगन्नाथ सदाशिवजी यांनी.

शहराची वस्ती लाखाच्या आसपास होती. तलाव आखला तीन लाख माणसांसाठी. मला या कामातला हाच निर्णय सगळ्यात मोठा वाटतो. पाणी कुणाला, किती, हे आधी पक्कं केलं, की बांधाची उंची आणि नळाचा व्यास त्याच आकड्यातून निघतात. तो आकडा अर्ध्यावर बदलला असता, तर झालेलं काम उकरावं लागलं असतं.

(दृश्य: तिवईवरची लेव्हल, म्हणजे जमिनीचा चढउतार मोजायची दुर्बीण; दूरवर पट्टी)

पाणी शहरात आणायचं ते नुसत्या उतारानं, पंपाविना. अशा कामात एक जण लेव्हलच्या भिंगाला डोळा लावतो, दुसरा आकड्यांची पट्टी ताठ धरतो, आणि वाचलेला प्रत्येक आकडा वहीत चढतो. मैलोन् मैल हेच. बघणाऱ्याला वाटतं, अजून काही सुरूच झालेलं नाही!

आमच्या सोसायटीत हीच घाई नडली. अंगणात फरशी बसवून झाली आणि मग कळलं, पाण्याची लाइन खालूनच न्यायची आहे. नवी कोरी फरशी फोडताना सगळे गप्प उभे होते. प्लंबरला आधी कुणी बोलावलंच नव्हतं.

म्हणून यंदा गच्चीच्या कामाआधी आम्ही एका कागदावर चार ओळी लिहिल्या: काम कशासाठी, कुठपर्यंत, पैसे किती, शेवटचा शब्द कुणाचा. मग कंत्राटदार, प्लंबर आणि वरच्या मजल्यावरच्या आजी, तिघांनाही एकत्र बसवलं. आजी म्हणाल्या, ‘‘अहो, गळतंय ते गच्चीतून नाही. पाऊस नसतानाही भिंत ओली असते. आतला जुना पाइप बघा.’’

प्लंबरनं भिंतीला हात लावून पाहिला. आम्ही कागदावरची पहिली ओळ खोडली.