भांडण जुंपण्याआधी

(कारवान कुत्री पाळणाऱ्या शेतकऱ्यांच्या मेळाव्यात एका पशुवैद्यकाने केलेलं भाषण, संपादित)

नमस्कार मंडळी. समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या दारात कारवान आहे, म्हणजे आपलं सडपातळ शिकारी कुत्रं, त्यालाच मुधोळ हाउंडही म्हणतात. काहींकडे पश्मी आहे, त्याचाच लांब केसांचा भाऊबंद. कर्नाटकातल्या मुधोळहून पिल्लं आणलेलेही दोघं-तिघं दिसतायत. माणसाला चावणारं कुत्रं हा आजचा विषय नाही. घरच्या पोरासोरांशी गरीब असणारा कुत्रा दुसरं कुत्रं दिसलं की अंगावर का जातो, एवढंच आज बघू. ही तक्रार दवाखान्यात सारखी येते, आणि सांगणाऱ्याच्या आवाजात पुष्कळदा अभिमानही असतो. ‘लई तापट हाय साहेब!’ त्या अभिमानावरही मी बोलणार आहे, राग मानू नका.

इंग्रज साहेब उटीच्या माळावर घोड्यांवरून कोल्ह्यांच्या मागे जायचे, त्यांच्यासोबत फॉक्सहाउंड असायचे. वासावर चालणारी कुत्री, मोठ्या टोळीनं एकत्र राहणारी, एकत्र खाणारी. टोळीत जो भांडला तो टोळीतून गेला, त्याची वीण पुढं चालवायची नाही, असा त्यांचा शिरस्ता. नवं कुत्रं जुन्या, शहाण्या कुत्र्याच्या पट्ट्याला जोडून फिरवायचे. पिढ्यान्‌पिढ्या असं केल्यावर अनोळखी कुत्र्याशी खांद्याला खांदा लावून पळणारी जात तयार झाली.

आपला कारवान नजरेवर धावणारा. तो एकटा सुटायचा, फार तर जोडीनं. त्याची निवड झाली वेगावर, दमावर आणि पकडीवर. दुसऱ्या कुत्र्याशी त्याचं पटतं का, हे कुणी फारसं बघितलंच नाही. मुधोळचे संस्थानिक घोरपडे, त्यांनी ही कुत्री जपली. 2005 साली मुधोळ हाउंडचं टपाल तिकीट निघालं, लष्करानं मेरठला नेऊन काही कुत्री शिकवली, मुधोळजवळ तिम्मापूरला संशोधन केंद्र आहे. हे सगळं चांगलंच झालं. पण आपण पिल्लू घेताना अजूनही छातीची खोली बघतो, कमरेचा बाक बघतो, शेपटीची लांबी बघतो. त्याची आई शेजारच्या कुत्रीशेजारी निवांत बसते का, हे कोण विचारतं? माझ्या मते तो प्रश्न पहिला विचारायला पाहिजे.

1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद झाली. ससा असो, कोल्हा असो, हरण असो, कुत्रं सोडणं हा गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. पण कायद्यानं काम गेलं, पाय तसेच राहिले. आता हे कुत्रं शेतातल्या आखाड्यावर चार हात साखळीला दिवसभर बांधलेलं असतं. लांबवरची हालचाल टिपणारा डोळा त्याला आहे. बांधावरून दुसरं कुत्रं जाताना दिसतं, ते झेपावतं, साखळीचा हिसका गळ्याला बसतो. दिवसातून किती वेळा बसत असेल, तुम्हीच अंदाज करा. दुसरं कुत्रं दिसलं की गळा आवळतो, ही खूणगाठ त्याच्या डोक्यात पक्की होते. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पळूनही जाता येत नाही. भ्यालेल्या जनावराला पळायची वाट नसेल तर ते पुढं येऊन चावतं. तुम्ही ज्याला तापट म्हणता, त्यातली निम्मीअधिक कुत्री मला भेदरलेली दिसतात.

1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. त्याच्या 11 व्या कलमात आखूड किंवा जड साखळीला फार वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे, आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हाही. कुत्र्यांची झुंज लावणं तर आहेच. व्यायामाचं कलम बहुतेकांना ठाऊकच नसतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता एक फरक नीट ध्यानात घ्या. कारवान एखाद्या छोट्या, पांढऱ्या, केसाळ पॉम कुत्र्याच्या मागे सुटला तर ते भांडण नाही. तो गुरगुरत नाही, केस फुलवत नाही. मान खाली घालून मुकाट्यानं पळतो, कारण त्याच्या लेखी तो ससा आहे. रागावून, मारून हे जात नाही. अशा कुत्र्याला मोकळ्या वस्तीत सोडायचं नाही, विषय संपला. खरं भांडण वेगळं दिसतं, आणि ते आधी दिसतं.

जत्रेत बघा. माळेगावला खंडोबाच्या यात्रेत कुत्र्यांचं प्रदर्शन असतं. गर्दी, हलगी, धूळ, आणि दोन मालक कुत्री घेऊन गप्पा मारत उभे. दोघांनी पट्टा हाताला गुंडाळून ताणून धरलेला. पट्टा ताणला की कुत्र्याची मान वर होते, छाती पुढं येते. समोरच्याला वाटतं, हा आव्हान देतोय. एवढा वेळ जीभ बाहेर काढून धापा टाकणारं तोंड एकदम मिटतं. हे पहिलं लक्षण, आणि माझ्या मते सगळ्यात खात्रीचं. मग शेपूट ताठ होऊन वर जाते, टोक बारीक थरथरतं. शेपूट हलते म्हणून ‘खेळतंय’ म्हणू नका. वजन पुढच्या पायांवर येतं. नजर एका जागी खिळते, पापणी हलत नाही. एक जण समोरच्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवायला बघतो. मग दोघंही क्षणभर पुतळ्यासारखे थांबतात. तुमच्या हातात तेवढाच वेळ आहे. पट्टा थोडा सैल करा, कुत्र्याला हाक मारून आपल्याबरोबर वळवा आणि चालते व्हा. ओरडू नका. मालक ओरडला की कुत्र्याला वाटतं, आपला माणूसही भांडणात उतरला.

घरातल्या भांडणांची कारणं तुम्हाला माहीतच आहेत. दोघांत एकच भाकर टाकणं. कुत्री माजावर आली असताना दोन नर जवळ बांधणं. दोघांना एकाच अरुंद दारातून एकदम बाहेर काढणं. हे आजच्या आज बंद होऊ शकतं, त्याला औषध लागत नाही. एक कारण मात्र सुटून जातं, ते म्हणजे दुखणं. कान पिकलेला, दात किडलेला, कंबर दुखणारा कुत्रा शेजारच्याचा धक्का सहन करत नाही. आजवर शांत असलेलं कुत्रं एकाएकी चावरं झालं तर आधी डॉक्टरांना दाखवा. लाळ गळत असेल, गिळता येत नसेल, आवाज बदलला असेल, तर हातही लावू नका. ते रेबीज असू शकतं.

जुंपलंच तर काय करायचं? मध्ये हात घालायचा नाही. गळपट्टा धरायला जाऊ नका. हाताला होणारे चावे बहुतेक तिथेच होतात, आणि घरच्याच कुत्र्याचे होतात, कारण त्या क्षणी त्याला हात कुणाचा हे कळत नाही. काठीनं मारू नका, त्यानं पकड आणखी घट्ट होते. बादलीभर पाणी ओता, घोंगडी टाका, खाट किंवा पत्र्याचा तुकडा मध्ये सरकवा. दोघं जण असाल तर दोघांनी एकाच वेळी आपापल्या कुत्र्याचे मागचे पाय वर मांडीपाशी धरायचे आणि मागं मागं चालायचं, जरा बाजूला वळत, म्हणजे ते वळून चावू शकत नाही. या कुत्र्यांचे पाय काटकुळे असतात, खाली घोट्याशी धरून हिसडू नका. एकटे असाल तर एका कुत्र्याच्या कमरेला दोर अडकवून खांबाला बांधा, मग दुसऱ्याला मागं ओढा. एकानं दात रुतवून धरलं असेल तर लगेच ओढायचं नाही, कातडी फाटते. पकड बदलायला तो तोंड उघडतो, तेव्हा ओढा.

कातडीचं मुद्दाम सांगतो. कारवानाची कातडी पातळ, खाली चरबी नाहीच म्हणा. भांडणात गावठी कुत्र्याला ओरखडा येईल तिथे कारवानाची कातडी वितभर सुटते. उलट, सुळ्यांची जखम बाहेरून तुरीएवढी दिसते आणि आत पोकळी झालेली असते. वरून खपली धरते, आत पू होतो. उन्हाळ्या-पावसाळ्यात अळ्या पडतात, मग कुणीतरी पेट्रोल ओततं. ते करू नका, मांस जळतं. मिठाच्या पाण्यानं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. टाके घालायला भूल द्यायची असेल तर डॉक्टरांना सांगा की हे शिकारी जातीचं, चरबी नसलेलं कुत्रं आहे. थायोपेंटोनसारख्या भुलीतून ही कुत्री फार उशिरा बाहेर येतात. समोरचं कुत्रं मोकाट असेल तर आपल्या कुत्र्याला रेबीजची लस पुन्हा द्यावी लागते. तुम्हाला दात लागला तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि सरकारी दवाखान्यात जा. हळद-चुना लावत बसू नका.

सुधारणा होते का? होते, पण अंतरानं होते. समोरचं कुत्रं दिसतंय आणि तरी आपलं कुत्रं हातातलं खातंय, एवढं अंतर शोधा. शंभर पावलं असेल, दोनशे असेल. तिथे रोज दोघांना एकाच दिशेनं, समांतर चालवा. समोरासमोर आणायचं नाही. समोरचं दिसलं की उकडलेल्या कलेजीचा तुकडा द्यायचा. ते नजरेआड झालं की देणं बंद. काही आठवड्यांत अंतर आपोआप कमी होतं. खायला नकार दिला की समजा आपण फार जवळ आलो, मागं व्हा. तोंडाला जाळी बांधायची लाज वाटते अनेकांना. परदेशात ग्रेहाउंडांच्या शर्यती जाळी बांधूनच होतात, आणि पळता पळता शेजारच्यावर झडप घालणारा कुत्रा शर्यतीतून बाद होतो. जाळी मात्र धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल अशी घ्या. बैलाचं मुसकं आवळून बांधलं तर उन्हात कुत्रं मरेल.

खच्चीकरणाचंही विचारतात. नरानरांतली भांडणं त्यानं काही कुत्र्यांत कमी होतात, भटकणं कमी होतं. भीतीपोटी चावणाऱ्याचा स्वभाव मात्र त्यानं बदलत नाही. खरी गुंतवणूक पिल्लात आहे. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तिसऱ्या महिन्यापर्यंत पिल्लू जे बघतं ते त्याला आपलं वाटतं. याच काळात त्याला लस घेतलेली, शांत, मोठी कुत्री दाखवा. आपल्याकडे त्याच वयात पिल्लू पोत्यात घालून आणतात आणि गोठ्यात एकटं बांधतात.

आणि हे ‘छू’ म्हणणं बंद करा. पारावर बसून पोरं गावठी कुत्र्यावर कारवान सोडतात, मोठी माणसं हसतात. दरवेळी तो जिंकला की त्याचा धडा पक्का होतो. पुढं हाच कुत्रा शेजाऱ्याच्या कुत्र्याला फाडतो तेव्हा मालक ‘जातच तशी’ म्हणतो.

एका भाऊंनी चिठ्ठी पाठवलीय: ‘घरात आई आणि लेक अशा दोन कुत्र्या. लेक दोन वर्षांची झाली आणि आईवर तुटून पडते. वेगळ्या ठेवतो, पुन्हा एकत्र केल्या की तेच. काय करावं?’ भाऊ, एका घरातल्या दोन माद्यांचं भांडण सगळ्यात वाईट. नर बरेचदा आवाज करून सुटतात, माद्या सोडत नाहीत. ‘त्यांचं त्यांना मिटवू द्या’ असा सल्ला कुणी दिला असेल तर ऐकू नका, एक दिवस आई मरेल. दोघींच्या मध्ये पक्की भिंत किंवा दोन दारं ठेवा, खाणं-फिरणं वेगळ्या वेळी. रक्त निघेपर्यंत दोन-तीनदा जुंपली असेल तर लेकीला दुसरं घर बघा, जिथे दुसरी मादी नाही असं. आईला म्हातारपणी घर बदलायला लावू नका. आणि घेणाऱ्याला कारण खरं सांगा, लपवून देऊ नका.

पुढची चिठ्ठी द्या.