तीन जनुकं, एक आजार

मेंदूच्या एमआरआयमध्ये कधीकधी तुतीच्या फळासारखा एक पुंजका दिसतो. कडेनं काळी रेघ, आत पांढरे-करडे ठिपके. डॉक्टर त्याला पॉपकॉर्न म्हणतात. मला तुतीच जास्त पटते, कारण तो खरोखर फुगलेल्या केशवाहिन्यांचा घोस असतो. हा कॅव्हर्नोमा. त्याच्या पोकळ्यांची भिंत पेशींच्या एकाच थराची, त्या पेशींमधले सांधे सैल, आणि दोन पोकळ्यांच्या मधे मेंदूची ऊती जवळजवळ नसतेच. सांध्यांतून रक्त झिरपतं, त्यातलं लोह भोवती साचतं आणि एमआरआयवर काळी रेघ होऊन दिसतं. अँजिओग्राफीत मात्र काहीच सापडत नाही, इतकं आतलं रक्त संथ.

दोनशे माणसांत साधारण एकाच्या डोक्यात असा पुंजका असतो. बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. काहींना फिट येते, काहींना रक्तस्राव होतो. सुमारे एक पंचमांश रुग्णांत हा आजार घराण्यातून येतो आणि अशा माणसाच्या मेंदूत एक नव्हे, अनेक पुंजके असतात. आज बोलायचंय ते याच घराण्यांबद्दल.

जनुकाची एक बिघडलेली प्रत आई किंवा वडिलांकडून आली की धोका आला. पण ती प्रत तर शरीराच्या प्रत्येक पेशीत असते, मग पुंजके ठरावीक जागीच का? कारण दुसरी, चांगली प्रत काम करत असते. एखाद्या रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशीत तीही बिघडली, की तिथून पुंजका सुरू होतो.

अशी जनुकं तीन आहेत. पहिलं क्रिट-१, सातव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर. दुसरं सीसीएम-२, त्याच गुणसूत्राच्या आखूड भुजेवर. तिसरं पीडीसीडी-१०, थेट तिसऱ्या गुणसूत्रावर. त्यांची प्रथिनं एकमेकांसारखी दिसत नाहीत, एका कुळातलीही नाहीत. तरी तिघांपैकी कुणीही गेलं की मेंदूत तीच तुती. तीन वेगळे दोष एकाच दारात येऊन थांबत असतील, तर तिघांचा कुठेतरी संबंध असणार. तो संबंध प्रथिनांच्या गाठीभेटींत आहे.

क्रिट-१ची गोष्ट मला फार आवडते. १९९७ साली ते सापडलं तेव्हा या आजाराशी त्याचा काही संबंध आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. संशोधक रॅप-१ नावाच्या छोट्या प्रथिनाला कोण चिकटतं ते यीस्टमध्ये शोधत होते. युक्ती गळ टाकण्यासारखी आहे. जनुक चालू करणाऱ्या यीस्टच्या एका प्रथिनाचे दोन तुकडे करायचे; एक तुकडा रॅप-१ला जोडायचा, दुसरा हजारो अनोळखी प्रथिनांना. अनोळखी प्रथिन रॅप-१ला चिकटलं की दोन्ही तुकडे जवळ येतात, जनुक चालू होतं आणि त्याच यीस्टची वसाहत वाढते. या गळाला क्रिट-१ लागलं. दोन वर्षांनी, १९९९मध्ये, आजारी घराण्यांच्या डीएनएत शोध घेणारे दोन वेगळे गट त्याच जनुकाशी येऊन पोचले. मासा आधीच टोपलीत होता, फक्त त्याचं महत्त्व कळायचं होतं.

आता ही मंडळी एकमेकांना कशी धरतात ते पाहू. पेशीच्या आवरणात हेग-१ नावाचं प्रथिन रोवलेलं असतं, त्याची शेपटी आत लोंबते. क्रिट-१ तिला पकडतं; रॅप-१ त्याला सांध्यापाशी आणायला मदत करतं. क्रिट-१च्या अंगावरचे काही छोटे पट्टे सीसीएम-२च्या खाचेत बसतात. सीसीएम-२च्या दुसऱ्या भागाला पीडीसीडी-१०चं प्रथिन धरून असतं. हेग-१चं महत्त्व झेब्रा माशांनी आधीच दाखवलं होतं: हेग, क्रिट-१ किंवा सीसीएम-२, यांतलं एकही जनुक बिघडलं की पिलांचं हृदय पातळ भिंतीचं, फुग्यासारखं होतं.

पण ही साखळी धरते तरी काय? इथे बरीच चित्रं फसवतात. त्यांत ही प्रथिनं खिळ्यांसारखी दाखवतात, जणू खिळा निघाला की भिंत कोसळली. प्रत्यक्षात सीसीएम-२ एमईकेके-३ या किनेजला, म्हणजे इतर प्रथिनांवर फॉस्फेटची खूण लावून त्यांना कामाला लावणाऱ्या प्रथिनाला, दावं लावून बसतं. दावं सुटलं की एमईकेके-३ पुढच्या किनेजेसना हाकतं आणि शेवटी केएलएफ-२ व केएलएफ-४ ही इतर जनुकं चालू-बंद करणारी नियामक प्रथिनं भरमसाट तयार होतात. निरोगी वाहिनीत ती रक्ताच्या वेगाला प्रतिसाद म्हणून वाढतात. माझ्या शब्दांत सांगायचं तर, संथ पाण्यातली पेशी पुरात असल्यासारखी वागू लागते. त्याच वेळी पेशीच्या सांगाड्यातले ताणाचे धागे आखडतात आणि सांधे ओढले जातात. आजारी उंदरांत एमईकेके-३ किंवा यातलं एक केएलएफ कमी केलं, तर पुंजके होणं बरंच थांबतं. म्हणजे दोष तुटण्याचा कमी, मोकाट सुटण्याचा जास्त.

दावं सैल असेल तर जनावराला बाहेरून कोण चिथावतं? पेनसिल्व्हेनियात मार्क कान यांच्या प्रयोगशाळेत अशा आजारी उंदरांची पैदास नव्या जागेत सुरू केली, आणि पुंजके जवळजवळ होईनासेच झाले. फक्त ज्या मोजक्या उंदरांच्या पोटात ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंचं गळू झालं, त्यांच्याच मेंदूत ते दिसले. २०१७मध्ये हे प्रसिद्ध झालं. या जिवाणूंच्या आवरणातला रेणू रक्तातून येतो, अस्तराच्या पेशीवरच्या टीएलआर-४ या ग्राहकाला, म्हणजे बाहेरचा निरोप टिपणाऱ्या प्रथिनाला, भिडतो आणि आत एमईकेके-३लाच जागं करतो. आतड्यातून निघालेला निरोप आणि घराण्यातून आलेला दोष एकाच किनेजपाशी भेटतात.

आता तिसरं जनुक. पीडीसीडी-१० बिघडलेल्या माणसांत आजार लवकर आणि जास्त तीव्र येतो, पुंजकेही अधिक असतात. साखळीतली शेवटची कडीच असेल, तर तिच्या जाण्यानं बाकी दोघांपेक्षा जास्त हानी का व्हावी? कारण तिच्या सोयरिकी वेगळ्या आहेत. एमएसटी-४ आणि त्याच्या भावंड किनेजांशी हे प्रथिन जोडी जमवतं आणि बहुतेक वेळ त्याच संसारात असतं. उंदरांच्या आतड्याच्या पेशींतून ते काढलं, तर आतड्याचा श्लेष्माचा थर पातळ होतो आणि मेंदूतले पुंजके वाढतात. एकच बिघडलेलं प्रथिन मेंदूत दावं सैल करतं, आणि आतड्यात चिथावणीलाच दार उघडून देतं.